पहिले बूट, पहले आप

ज्याला पोहता येत नाही त्याला कुणी होडी भेट देत नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या नावाने कुणी मासिकाची वर्गणी भरत नाही. पण ज्याला अजून धड उभंही राहता येत नाही त्याला बूट मात्र घेतलेच पाहिजेत, आणि तेही आजच, यावर सासर आणि माहेर या दोन्ही पक्षांचं एकमत असतं. आमच्या लग्नाच्या मेन्यूपासून आजवर या दोन पक्षांचं कशावरही एकमत झालेलं नाही. त्यामुळे ही घटना लिहून ठेवायलाच हवी.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. बँकेने बदली करून लखनौला पाठवलं आणि आम्ही गोमतीनगरात तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड मांडलं. तिथे एका संध्याकाळी आमची छकुली सोफ्यापासून टीपॉयपर्यंत कशालाही न धरता गेली. अंतर किती, तर टीपॉय जरा पुढे ओढलेला असता तर तिला पाऊल टाकावंच लागलं नसतं. बायकोने मोबाइल शोधेपर्यंत कन्या खाली बसून टीपॉयचा पाय चाटत होती. तरी तोच फोटो ‘आत्ताच चालली!!’ अशा मजकुरासह कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. अंगठे आले, बदाम आले, आणि त्यांच्या पाठोपाठ नाशिकच्या आत्यांपासून बदलापूरच्या काकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न आला, “बूट घेतले का?”

आई तेव्हा आमच्याकडेच राहायला आली होती. तिने मुळात ही बातमीच फारशी मनावर घेतली नाही.

“अकरा महिने झाले की! हा नऊ महिन्यांचा असताना अंगणभर पळत होता,” ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

व्हिडिओ कॉलवर सासूबाई होत्या. “हो का? आमची साडेआठ महिन्यांत चालली.”

“तसं म्हणाल तर यानेसुद्धा आठव्यातच पाऊल टाकलं होतं. नववा पळायला लागल्याचा.”

लिलाव असा उलटा चालला होता. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर मी इस्पितळातून आईला हाताला धरून घरी घेऊन आलो होतो, असं निष्पन्न झालं असतं. म्हणून मी मध्ये पडून जागतिक आरोग्य संघटनेचा आधार घेतला. या संघटनेने भारतासह पाच देशांतली बाळं पाहून २००६ साली कोष्टक प्रसिद्ध केलं. त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने दिलं आहे, मधे कधीही चाललं तरी मूल ठणठणीत समजावं. दोघींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे विचारायला कुणी आलंच नव्हतं.” आईने मान डोलावली. हे दुसरं एकमत.

हुरूप येऊन मी आणखी एक माहिती पुरवली. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी चालणाऱ्या बाळांची मोजदाद करून २०१२ साली लिहिलं आहे की असं बाळ तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं.

“सतरा वेळा?” आईने कपाळाला हात लावला. “आणि ही मोठी माणसं धरायचं सोडून मोजत बसली होती?”

त्यानंतर मी संशोधनाचा विषय घरात काढलेला नाही.

बूट लागतात की नाही, हा प्रश्न आमच्या शेजारच्या चाचाजींनी इतिहासात नेला. चाचाजी सचिवालयातून निवृत्त झालेले, जुन्या चौकातले. आमच्याकडे चहाला आले की कप उचलण्याआधी कपाची परवानगी घेतात असं वाटावं, इतके अदबशीर.

“मियाँ, जूते को मामूली चीज़ न समझिए. जान-ए-आलम की पूरी सल्तनत जूते पर गई है.”

जान-ए-आलम म्हणजे नवाब वाजिद अली शाह. लखनौत गोष्ट सांगतात ती अशी की इंग्रजांची फौज आली तेव्हा महालातले सगळे पळाले, नवाबसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. पकडल्यावर साहेबाने विचारलं, तुम्ही का पळाला नाहीत? नवाब म्हणाले, जोडे घालायला कुणी उरलंच नव्हतं, पळणार कसा?

गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट औट्रम करारनामा घेऊन आला तेव्हा नवाबाने आपली पगडी उतरवून त्याच्या हातात ठेवली आणि सही करायला साफ नकार दिला. पुढे ते कलकत्त्याला मटियाबुर्जमध्ये जाऊन राहिले. या सगळ्या प्रकरणात पगडी आहे, जोडा कुठेच नाही. मी हे चाचाजींना नम्रपणे सांगितलं.

“पगड़ी तो उतरती रहती है, साहब,” ते म्हणाले, “लेकिन जूता अपने हाथ से पहनना पड़े, यह ग़ैरत की बात है.”

या कसोटीवर अवधची गादी आमच्या छकुलीकडेच चालत यायला हवी. दोन्ही पाय पुढे पसरून ती बसून राहते आणि कुणीतरी यावं, पायाशी बसावं, याची वाट पाहते. माणूस पायाशी बसला की त्याचे केस ओढते.

मधल्या काळात आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी छकुलीची पावलं हातात घेतली, तळव्याला गुदगुल्या केल्या आणि सांगितलं की घरात अनवाणीच फिरू द्या. जमीन पायाला लागली की बोटं पकड धरायला शिकतात, तोल येतो. बूट लागणार ते घराबाहेर, काचाखड्यांपासून आणि उन्हापासून पाय वाचवायला. तळ मऊ असावा, हाताने सहज वाकावा, आणि बूट हलका असावा. बाकी काही नको.

“आणि पायाला कमान नाही तिच्या. अगदी सपाट आहे,” आईने तक्रार नोंदवली.

“सगळ्याच बाळांचा असतो, मांजी. चरबी होती है. पाँच-छह साल में बन जाएगी.”

आम्ही बाहेर आलो. आईचा चेहरा पडला होता. “एवढी फी घेतली आणि अनवाणी हिंडा म्हणाला. हे तर आमच्याकडे वाडीवर फुकटात चालतं.”

औषधाची चिठ्ठी नाही, टॉनिक नाही, बुटाचा ब्रँड नाही. लोकांना डॉक्टर का आवडत नाहीत ते मला त्या दिवशी कळलं. ‘काही करू नका’ असं सांगणाऱ्याला आपण फी देतो, पण त्याचं ऐकत नाही. आम्ही रिक्षात बसतानाच ‘तरी एक जोड असू दे’ असा ठराव मंजूर झाला होता.

आता माप. मी बँकेतला माणूस, मोजल्याशिवाय पुढे जात नाही. आलेख कागद जमिनीवर पसरला, छकुलीला त्यावर उभं केलं, पेन्सिल टेकवली. पेन्सिल करंगळीला लागताक्षणी पाचही बोटं आत वळली आणि कागदाला घट्ट धरून बसली. त्या आराखड्यात श्रीलंका आली. बायकोने बोटं एकेक करून सोडवली, मी पुन्हा पेन्सिल फिरवली, तेवढ्यात कन्येने टाच उचलली. या खेपेला गोवा आला, तोही दक्षिणेचा अर्धाच. शेवटी ती झोपल्यावर टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टी धरली. पण झोपेत पायावर वजन नसतं, त्यामुळे ते माप उभ्या पायाला लागू नाही, हे ज्ञान बायकोने लगेच मोबाइलमधून काढून दाखवलं.

शिवाय एकदा माप मिळालं तरी ते कुठल्या भाषेत सांगायचं? इंग्रजी नंबर जवाच्या दाण्यावर चालतो. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि एक दाणा म्हणजे एक नंबर. युरोपात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश भाग. बाहेरून आलेल्या काही बुटांवर मिलिमीटर असतात. आणि देशी बुटांवर नुसतं ‘१२ ते १५ महिने’ लिहिलेलं असतं, जणू पाय कॅलेंडर बघून वाढतो. छकुलीचा पाय इंग्रजीत तीन, युरोपात एकोणीस आणि आईच्या हिशोबाने ‘वीतभरसुद्धा नाही’.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या हा घोळ माझ्याआधी लक्षात आला होता. त्यांनी देशभर लाखाहून जास्त लोकांचे पाय यंत्राने मोजले, भारतीय पाऊल साहेबाच्या पावलापेक्षा रुंद आहे असं काढलं आणि आपल्या देशासाठी ‘भ’ नावाची मापाची नवी पद्धत सुचवली. त्यात एक वर्षापर्यंतच्या बाळांचा वेगळा आकडा आहे आणि एक ते तीन वर्षांचा वेगळा. म्हणजे छकुलीच्या वाढदिवसाला मध्यरात्री बारा वाजता तिचा पाय एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जायला हवा. खाने म्हटल्यावर मला तर लखनौला आलेल्या आणखी एका मराठी माणसाची आठवण आली. मुंबईच्या वाळकेश्वरला वाढलेल्या पंडित भातखंड्यांनी १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं केलं. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ तिथे आहे. या माणसाने हिंदुस्थानातले शेकडो राग दहा थाटांत व्यवस्थित बसवले. मला एक पाय एका बुटात बसवता येईना.

अमीनाबाद हा लखनौचा जुना बाजार. तिथे गडबडझाला नावाची गल्लीच आहे. नाव मी ठेवलेलं नाही. आई, बायको, छकुली आणि माझ्या खिशात घडी घातलेला गोवा, असा ताफा एका जुन्या दुकानात शिरला. दुकानदार म्हातारे, पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं. मग छकुलीसमोर खाली बसले.

“तशरीफ़ लाइए, बिटिया. क्या पेश करें?”

छकुलीने त्यांचा चष्मा काढून घेतला.

मी आलेख कागद उलगडला. त्यांनी तो चष्म्याविना बराच वेळ पाहिला. “बहुत ख़ूब. बिटिया ने बनाया है?”

मी कागद परत खिशात ठेवला. त्यांनी छकुलीचं पाऊल तळहातावर घेतलं, अंगठ्याने दाबलं आणि आत पोऱ्याला हाक मारली. खोके आले. चामड्याचे, कापडी, मखमलीचे, जरदोजीचं काम केलेले, चालताना लाल दिवे लागणारे, तळाशी चाकं असलेले. जिला पायावर धड उभं राहता येत नाही तिला चाकं कशाला, हा प्रश्न मी मनात ठेवला, कारण माझ्याआधीच सभेला तोंड फुटलं होतं.

आई म्हणाली, “वाढत्या मापाचे घ्या. दोन नंबर मोठे. पुढे कापूस घालू.”

“बजा फ़रमाया,” दुकानदार म्हणाले. “बच्चे का पैर है, बढ़ेगा ही.”

बायको म्हणाली, “अजिबात नाही. पायात बूट ढिला असला की मूल अडखळतं. अगदी बरोबर मापाचे हवेत.”

“सोलह आने सच. ढीला जूता तो दुश्मन को भी न पहनाए.”

“घोट्याच्या वर येणारे द्या,” आई. “घोटा धरला पाहिजे.”

“बेशक.”

“घोटा मोकळा हवा,” बायको.

“वल्लाह, यही तो बात है.”

असा माणूस संसदेत असायला हवा. पंधरा मिनिटांत त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्या परस्परविरोधी मतांना मान्यता दिली होती आणि खोक्यांचा ढीग माझ्या खांद्याला लागला होता.

खरी कसोटी पुढे होती. बाळाच्या पायात बूट घालणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पाय टम्म फुगलेल्या पुरीसारखा, जितका लांब तितकाच उंच. बूट मात्र मोठ्या माणसाचा छोटा करून बनवलेला. अंगठा आत जातो, लगेच पाचही बोटं मूठ वळतात आणि बुटाच्या तोंडाशी अडून बसतात. आत बोट घालून ती सरळ करावीत तर टाच वर येते. टाच दाबावी तर गुडघा वाकतो. गुडघा धरावा तर आख्खं मूल घसरून मांडीवरून खाली जातं. एक बूट चढतो तोवर दुसऱ्या पायाने पहिला काढलेला असतो. आणि एवढं करून पाय आत गेलाच, तर वरचा वेलक्रोचा पट्टा दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही. आमच्या बाबतीत पायात चांदीचे वाळेही होते. पट्टा वाळ्यात अडकला. वाळे काढू म्हटलं, तर आई म्हणाली, “वाळे काढायचे नाहीत. दृष्ट लागते.” दुकानदारांनी तिलाही “बजा फ़रमाया” म्हटलं.

दुकानदार, पोऱ्या, बायको आणि मी असे चौघांनी मिळून बूट चढवले आणि छकुलीला उभं केलं. ती हललीच नाही. ज्या मुलीला घरात डोळ्यांत तेल घालून धरावं लागत होतं, ती पुतळ्याप्रमाणे उभी होती. मग तिने खाली पाहिलं. पायांच्या जागी कुणीतरी दुसरंच काहीतरी लावून ठेवलंय, अशा नजरेने. एक पाय गुडघ्यापर्यंत वर उचलला, हवेत धरला, धाडकन आपटला, आणि त्याच जागी बसून घेतलं.

“चाल देखिए, माशाअल्लाह,” दुकानदार म्हणाले. “शाहाना.”

शेवटी मऊ तळाचा, घोटा मोकळा ठेवणारा, निळसर राखाडी बूट ठरला. तो कोणत्याही पक्षाचा नव्हता म्हणून मंजूर झाला. आईने घासाघीस केली. त्यांनी किंमत थोडी उतरवली, आईने अजून उतरवा म्हटलं. ते म्हणाले, “आप यूँ ही ले जाइए, हमारी बिटिया है.” आता यावर पुढे काय बोलायचं ते साताऱ्यात कुणी शिकवत नाही. आईने त्यांनी सांगितलेली किंमत मुकाट्याने दिली, वर छकुलीच्या हातून दहा रुपये ‘खाऊला’ म्हणून पोऱ्याला दिले. छकुली मात्र बूट घालायचा पत्र्याचा चमचा सोडायला तयार नव्हती. तो त्यांनी नजराणा म्हणून दिला. बूट खोक्यात आणि चमचा तोंडात, अशी ती घरी आली.

हे एक बरं झालं, असं आम्हाला वाटलं. पण आम्ही बूट घेतल्याची बातमी ग्रुपवर गेली आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं त्यांना आता आपण काहीतरी पाठवायलाच हवं असं वाटू लागलं.

कोल्हापूरच्या मामांनी चिमुकली कोल्हापुरी चप्पल पाठवली. अस्सल, वेणीदार, तेलाचा वास येणारी, हातात घेतली की उराशी धरावी अशी. फक्त कोल्हापुरीला मागे पट्टा नसतो. छकुलीचा पाय पुढे जायचा, चप्पल जागेवर राहायची. मामांना तसं कळवलं तर म्हणाले, “अरे, जून २०२५ मध्ये मिलानला प्राडावाल्यांनी रॅम्पवर घातल्या त्या.” हे मान्य, पण मिलानमधल्या त्या पोरांना आधीपासून चालता येत होतं.

चाचाजींच्या भाच्याने शेजारच्या कानपुरातून ‘असली चमड़े’चे बूट आणले. ज्या कानपूरने इंग्रजांच्या फौजेला बूट पुरवले त्याच गावचा तो वारसा. छकुलीच्या पायात ते चढवल्यावर तिला सलामी द्यावी असं वाटायचं. वजन इतकं, की ती उभी राहिली तर पडायची सोय नव्हती. एका अर्थाने तोल सांभाळण्याचा प्रश्न त्या बुटांनी कायमचा सोडवला होता.

आणि मग चाचीजींचे आले. चाचीजींनी छकुलीला आमच्या कॉरिडॉरमध्ये डुलत येताना पाहिलं आणि म्हणाल्या, “देखिए तो, बिटिया के पैरों में कथक है.” लखनौ हे कथकचं घराणं, तेव्हा इथे ज्याच्यात्याच्या पायात ते सापडतं. मी गमतीने म्हटलं, “चाचीजी, कथक तो नंगे पैर करते हैं.”

“घुँगरू तो पहनते हैं न!” त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी चूँ-चूँ वाजणारे बूट घेऊन आल्या.

या बुटांचा शोध कुणी लावला ते मला शोधायचं आहे, त्याला मुलं नसणार. प्रत्येक पावलाला टाचेतली पिपाणी वाजते. आणि तासाला पावलं २,३६८ हे वर सांगितलंच आहे. गंमत म्हणजे छकुलीला ते बूट अतोनात आवडले. आपल्या पायातून आवाज निघतो, हे कळल्यावर ती चालायचंच थांबेना. सकाळी साडेसहाला सुरू. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, दुपारी झोपणारे, जिन्यात भेटले आणि म्हणाले, “माशाअल्लाह, बिटिया की तबियत अच्छी है? कल दोपहर ढाई से चार के बीच आवाज़ नहीं आई, हमें फ़िक्र हो गई.” पुण्यात असतो तर आत्तापर्यंत सोसायटीच्या फळ्यावर आमच्या नावाने सूचना लागली असती. इथे नुसती चौकशी झाली आणि मी शरमेने अर्धा झालो.

आम्ही बूट लपवले, तिने शोधले. पुढे एक दिवस डावा बूट बादलीत पडला आणि त्याची पिपाणी बसली. आता उजव्या पावलाला चूँ आणि डाव्याला काही नाही. चूँ... चूँ... चूँ... हे आधीच्यापेक्षा वाईट होतं, कारण मधल्या जागेत आपलं मन आपोआप एक चूँ भरत राहतं. बँकेत व्हाउचरवर सही करता करता मी तशी चूँ भरत असल्याचं शिपायाने दाखवून दिलं. चाचीजींना मात्र त्यात काही गैर वाटलं नाही. “दायाँ सम है,” त्या म्हणाल्या, “बायाँ ख़ाली.”

आईला बडा इमामबाडा पाहायचा होता म्हणून आम्ही तिकडे गेलो. छकुलीला अर्थात राखाडी बूट घातले, माणसांसमोर न्यायचं म्हणून. दाराशी गेल्यावर कळलं, जोडे बाहेर काढायचे. लखनौत जिथे जावं तिथे हीच तऱ्हा. इमामबाडा असो, मंदिर असो, गुरुद्वारा असो की चाचाजींची गालिचा घातलेली बैठक, बूट दाराबाहेर. बाळाला बूट घालून न्यायचं ते दाराशी काढायलाच. गाईडने १७८४ च्या दुष्काळाची हकिगत सांगितली. नवाब आसफउद्दौलाने लोकांना काम मिळावं म्हणून ही इमारत बांधायला घेतली. दिवसा मजूर बांधायचे, आणि रात्री अंधारात, तोंड दिसू नये म्हणून, बडे घरंदाज लोक येऊन ते पाडायचे, म्हणजे दोघांचीही रोजी चालू राहायची, असं सांगतात.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात याच तत्त्वावर काम चालू होतं. मी बूट चढवायचो, छकुली काढायची. दुष्काळ नसतानाही.

मे महिना आला आणि सगळ्यांचे सल्ले बंद पडले, कारण रस्ता तापला. डॉक्टर म्हणाले होते ते आता अक्षरशः खरं झालं. बाहेर पाय टेकवायचा तर बूट हवेतच. आणि बाहेर तर जायचंच होतं, कारण बडा मंगल होता. आपला वैशाख वद्य चालू असतो तेव्हा इकडे ज्येष्ठ लागलेला असतो. त्या ज्येष्ठातला प्रत्येक मंगळवार लखनौत हनुमानाचा. नवाबी काळापासूनची रीत. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर आजही चंद्रकोर आहे. त्या दिवशी सगळ्या शहरात चौकाचौकांत मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-भाजी, बुंदी, सरबत आग्रहाने वाटतात. आग्रह हा शब्द कमी पडतो. स्कूटरवरच्या माणसाला थांबवून, हेल्मेटची काच वर करून पुरी भरवताना मी पाहिलं आहे.

आम्ही आमच्या कॉलनीजवळच्या मांडवात गेलो. छकुली राखाडी बुटांत डुगडुगत चालली, लोक बाजूला होत होते, चाचाजी पुढे “रास्ता दीजिए, रास्ता दीजिए” करत होते. थोड्या वेळाने ती दमली, मी कडेवर घेतली, हातात पुरीचा द्रोण घेतला. दुसरा द्रोण संपेपर्यंत आईच्या लक्षात आलं की एका पायात बूट नाही. कडेवरच्या मुलाचा बूट कधी गळतो ते जगात कुणालाही कळलेलं नाही. आवाज येत नाही, मूल सांगत नाही. त्यातून तो उजवा होता.

मांडवातला एक तरुण म्हणाला, “भाई साहब, घबराइए मत, माइक पर बोल देते हैं.” आणि भजन थांबवून कर्ण्यावरून घोषणा झाली, “सज्जनों, एक नन्ही बिटिया का जूता, दाहिने पैर का, रास्ता भटक गया है. जिन साहब को मिले, इज़्ज़त के साथ मंच तक पहुँचा दें. जय बजरंगबली.”

पाच मिनिटांत मंचाच्या टेबलावर लहान मुलांचे एकेकटे बूट जमा होऊ लागले. लाल, पिवळा, दिवेवाला, एक नुसता मोजा. लखनौत त्या दिवशी किती बाळं अर्धी अनवाणी फिरत होती ते त्या टेबलावरून कळत होतं. त्यांत आमचा राखाडी उजवाही होता. मी हात पुढे केला. त्याच वेळी पलीकडून आणखी एका गृहस्थांचा हात आला. त्यांच्या कडेवरही एक बाळ होतं, त्याच्याही डाव्या पायात तसाच राखाडी बूट, तोच नंबर.

“अरे, लीजिए, आपका होगा,” ते म्हणाले.

“नहीं नहीं, आपका भी हो सकता है,” मी म्हटलं. इतकी वर्षं लखनौत राहिल्यावर एवढं येतंच.

“पहले आप देख लीजिए.”

“जी नहीं, पहले आप.”

“आप तो मेहमान हैं, लहजे से मालूम होता है. पहले आप.”

“तो आप मेज़बान हुए. आपकी बात बड़ी.”

चाचाजी बाजूला उभे राहून डोळे मिटून हे ऐकत होते, गझल ऐकावी तसे. तेवढ्यात मधून एक तिसरे गृहस्थ आले. “एक्सक्यूज़ मी,” म्हणाले, बूट उचलला, कडेवरच्या पोराच्या पायाला लावून पाहिला, “हाँ, यही है,” आणि गेले.

आम्ही दोघे रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिलो.

“दिल्ली के होंगे,” चाचाजी म्हणाले.

माझ्यासमोरच्या ‘पहले आप’वाल्या गृहस्थांनी आपल्या बाळाच्या पायातला डावा बूट काढला आणि माझ्यापुढे धरला. “यह आप रख लीजिए. कम से कम आपकी तो जोड़ी हो जाएगी.” मी नाही म्हटलं. ते हो म्हणाले. मी आमचा डावा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कानाला हात लावले. हे जरा लांबलं. एवढ्यात मागून आई आली. तिने दोन्ही डावे बूट दोघांच्या हातांतून घेतले, त्या गृहस्थांना “शुक्रिया” म्हटलं आणि तिथेच खुर्चीवर बसून छकुलीच्या दोन्ही पायांत चढवले. तिने एकटीने, अर्ध्या मिनिटात. छकुली उतरली आणि दोन डाव्या पायांनी सरळ बुंदीच्या परातीकडे चालत गेली.

“बघ,” आई मला म्हणाली, “आता एवढे डावे आहेत, तर पुढचा जोड वाढत्या मापाचाच घ्या.”